लवणवाडीचा टेकू कोणी काढला

हौसाबाई, तिचा दीर बबन आणि लवणवाडीच्या खालच्या आळीतली सगळी घरं यांच्यावर अन्याय झाला तो २००६ सालच्या दिव्याच्या अवसेला, भर दुपारी, भाताची आवणी, म्हणजे लावणी, चालू असताना. ‘अन्याय’ हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. तलाठ्यानं पंचनाम्यात ‘पडझड’ लिहिलं. पेपरात आतल्या पानावर ‘निसर्गाचा कोप’ म्हणून चार ओळी आल्या. आणि ज्यानं हे केलं तो म्हणाला, ‘देवाच्या मनात होतं.’ देवाचं मन आमच्या तालुक्यात फार कामाला येतं. चूक कोणाचीही असो, चढते देवाच्या नावावर.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, ‘तुमच्या कामातले गमतीदार अनुभव लिहा, फराळासोबत वाचता येतील असे.’ त्यांचा आदर ठेवून सांगते, माझं काम फराळासोबतचं नाही. मी आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती आहे. कॉलेज सुटल्यापासून, म्हणजे नव्वदीची अखेर धरा, हेच करते. हे म्हणजे नेमकं काय, ते माझ्या आईलाही धड सांगता येत नाही. निमगाव सावाला आमच्या घरी पाहुणे आले, पोरगी काय करते म्हणून विचारलं, की ती सांगते, ‘कागद वाटती.’ फार चुकीचं नाही ते.

कागद म्हणजे पत्रक. त्याचं तंत्र सोपं आहे, पण भल्याभल्यांना जमत नाही. पत्रक एसटी स्टँडवर हातात पडतं. माणूस ते गटारात टाकायचं की त्यात शेंगदाणे बांधून घ्यायचे, हे पहिल्या ओळीवर ठरवतो. म्हणून पहिल्या ओळीत कोणावर आणि कधी अन्याय झाला ते यायलाच पाहिजे. मग कोणी केला. मग आमची मागणी काय. बस्स. मोठे लोक पत्रक लिहायला बसतात तेव्हा जागतिकीकरणापासून सुरुवात करतात आणि हौसाबाईपर्यंत पोचेतो कागद संपतो.

माझी पत्रकं छापायचे कळंबचे पारसशेठ. त्यांचे पणजोबा मारवाडातून कापडाचं गाठोडं घेऊन आले. पारसशेठांचं मराठी आता माझ्यापेक्षा बरं आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि मी, एवढ्यावर त्यांचा छापखाना चालायचा. सुरुवातीला शिशाचे खिळे जुळवून छापत. माझा पहिला मजकूर वाचून म्हणाले,

‘ताई, एका कागदात एवढी उद्गारचिन्हं? माझ्याकडं तेवढे खिळेच न्हाईत.’

‘मग स्वल्पविराम टाका.’

‘त्यापेक्षा असं करा. झालं ते लिहा. उद्गारचिन्ह वाचणाऱ्याच्या तोंडातून निघू द्या.’

मला राग आला होता. आजही येतो. पण लवणवाडीचं सांगताना मी त्यांचं ऐकणार आहे.

घोडेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला ही वाडी आहे. सगळी घरं महादेव कोळी आदिवासींची. पहिल्यांदा गेले तेव्हा मला प्रश्न पडला तो भाताच्या खाचरांचा. आजूबाजूच्या वाड्यांत कातळावर वितभर माती, आणि इथं पहार बुडेल एवढी. खाचरांच्या मधूनच घराएवढाले धोंडे उभे. उन्हाळ्यातही वाहणारा झरा. पाठीमागचा कडा मात्र विचित्र. भाकरीचा घास तोडावा तसा मधूनच आत गेलेला. आणि वाडीच्या पायथ्याला, ओढ्याच्या काठानं, आडवं पडलेलं लांबट टेपाड. ओढा त्याला वळसा घालून जातो.

हौसाबाईला विचारलं तर तिनं लगेच खुलासा केला. ‘देवाच्या रेड्यानं कड्याला शिंग लावलं. कडा आला खाली. त्याचीच ही माती.’

‘कधी?’

‘आमी नव्हतो तवा.’

पन्नाशीची, काटक बाई. नवरा मुंबईला गोदीत गेला तो तिकडंच राहिला. दिराच्या मदतीनं तिनं खाचरं राखली, दोन मुली उजवल्या. वाडीत बैठक असली की चहा तिच्याकडं, आणि बैठकीत कोणी लांबण लावली की ‘उरक राव, म्हस दुभायची हाये’ हेही तिचंच.

दोन-तीन वर्षांनी मी पुण्याहून भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापकांना घेऊन गेले. गृहस्थ हातोडी घेऊन आले आणि दिवसभर लहान मुलासारखे बागडले. त्यांनी सांगितलं ते मी इथं साध्या शब्दांत देते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. म्हणजे, उभं होतं.

आपला सह्याद्री म्हणजे लाव्ह्याच्या थरांची चवड. थर आडवे. कुठल्याही कड्याकडं बघा, आडव्या रेघा दिसतील. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं विटकरी मातीचा पातळ पट्टा असतो. वरून झिरपलेलं पाणी त्या पट्ट्यावर येऊन थांबतं आणि तो भिजला की साबणासारखा होतो. लवणवाडीच्या माथ्यावरचा कडा असाच, इथं माणूस नांगर धरण्याच्या कितीतरी आधी, एका ओल्या पट्ट्यावरून सुटला आणि खाली आला. चार दगड सुटले असं नाही. डोंगराची अख्खी कूस सरकली. धोंडे बघा, त्यांच्यातल्या रेघा आडव्या नाहीत, तिरक्या आहेत. ते इथले नाहीत, वरून आलेले आहेत. सरकलेला डोंगर आणि उरलेला कडा यांच्यामध्ये खळगा पडला, त्यात हजारो पावसाळ्यांचा गाळ साठला, तीच वाडीची खोल माती. फुटक्या दगडांतून पाणी मुरलं, तोच झरा. ओढा पलीकडं ढकलला गेला, तोच वळसा. आणि सगळ्यांत पुढं आलेला ढिगारा पायथ्याला थांबला, तेच टेपाड.

म्हणजे लवणवाडीला जे जे म्हणून आहे ते त्या एका पडण्यानं दिलेलं आहे.

‘दार लोटू नये म्हणून आपण खाली दगड लावतो ना,’ प्राध्यापक टेपाडावर पाय आपटून म्हणाले, ‘तसा हा टेकू आहे. ह्याला हात लावायचा नाही. आणि वर पाणी साठवायचं नाही. एवढं पाळलं तर वाडी बसून राहील.’

मी म्हटलं, ‘सर, एवढंच लिहून द्या. सहीनं.’

गृहस्थांनी हातोडी पिशवीत ठेवली. ‘लिहून द्यायचं म्हणजे बोअर घ्यावे लागतील. नमुने तपासावे लागतील. शिवाय कॉलेजची परवानगी…’

‘काय म्हनतोय मास्तर?’ हौसाबाईनं मला विचारलं.

‘म्हणतायत, खरं आहे, पण कागदावर नको.’

‘मंग हे सोयरिकीसारखंच झालं. बैठकीत हो, आन् बस्त्याला न्हाई.’

नंतर त्यांनी मला त्या कड्याचा मोठा फोटो पाठवला. मागं लिहिलं होतं, ‘एक अविस्मरणीय दिवस.’ त्यांचा दिवस अविस्मरणीय झाला याचा वाडीला आनंदच आहे.

आता पडकई. कुठं तिला इर्जिक म्हणतात, कुठं सावड. आमच्या पश्चिम पट्ट्यात पडकई. उन्हाळ्यात उतार फोडून भाताची खाचरं काढायची असतात. एका घराचं ते काम नव्हे. मग वाडी एकत्र येते. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. मजुरी नाही. ज्याचं रान त्यानं जेवू घालायचं, आणि जो आपल्याकडं राबला त्यानं हाक दिली की जायचं. कशाला बोलावतोस, असं विचारायचं नाही. आलेल्याला परत पाठवायचं नाही. पहारीनं दगड काढतात, त्याच दगडांची ताल रचतात, म्हणजे खाचराचा दगडी बांध, आणि पाण्याला वाट ठेवतात. काम कासवाच्या गतीनं होतं. डोंगरालाही ती गती मानवते.

ह्या पडकईवर पुण्या-मुंबईत किती परिसंवाद झाले असतील. ‘आदिवासींची सहकाराची परंपरा’ वगैरे. मीही दोन-तीन ठिकाणी खुर्चीवर बसून आले. पडकई हा माणसाला अडकवायचा फासही होऊ शकतो, हे तिथल्या एकाही विद्वानाला सुचलं नाही. सुचलं ते मंचरकडच्या एका ठेकेदाराला.

त्याचं नाव इथं सोपानभाऊ ठेवू. त्याच्याकडं दोन जेसीबी. टेपाडाच्या पलीकडं ओढा, आणि ओढ्यापलीकडं एक मोठा माळ आहे. माळ बाहेरच्या मालकाचा. तिथं पुण्याच्या लोकांसाठी फार्महाउसचे प्लॉट पाडायची योजना आली आणि रस्त्याचं काम सोपानभाऊकडं. पक्की सडक वाडीच्या अंगानं येते. माळावर जायला मध्ये टेपाड आडवं. वळसा घालून जाता आलं असतं, पण वळशाला खर्च. टेपाड खालच्या आळीच्या नावावर. सरळ मागितलं असतं तर वाडीनं दिलं नसतं. मग तो सरळ आलाच नाही.

२००५ च्या उन्हाळ्यात बबनच्या रानात पडकई चालू होती. सोपानभाऊ जेसीबी घेऊन हजर. गाडीतून उतरला, चपला काढल्या, हात जोडले.

‘पावणं, मला बी पडकईला घ्या.’

लोक हसले. खूष झाले. असा मोठा माणूस आपल्या पडकईला! त्यानं सगळ्या खालच्या आळीची खाचरं काढून दिली. सबंध उन्हाळ्याचं काम आठवड्यात. ताल रचली नाही, नुसते मातीचे बांध लोटले. पाण्याला वाट ठेवली नाही. मशीनला काय, पुढं दिसेल ते ढकलायचं. रोज दुपारी हौसाबाईच्या ओट्यावर नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं कालवण खाऊन, ‘मावशी, लई झ्याक’ म्हणून तो जायचा.

पुढच्या वर्षी शिमगा सरला आणि तो परत आला. ह्या वेळी म्हणाला, ‘आता माझी पडकई. टेपाडातनं तेवढा रस्ता काढू द्या.’

देवळापुढं बैठक बसली. मी माझं सगळं मांडलं. रेडा, टेकू, वरचं पाणी. सोपानभाऊ शांत ऐकत होता. मग म्हणाला,

‘ताई, तुमी निमगावच्या ना? तुमच्या आज्यानं माळावर मेंढरं राखली. तुमाला डोंगराचं काय कळनार?’

‘मेंढरं डोंगर कापत नाहीत, सोपानभाऊ.’

‘रस्ता बी करत न्हाईत!’

लोक हसले. त्याच्या बाजूनं हसले. सभेत हशा ज्याचा, सभा त्याची. हे आमच्या धंद्यातलं अगदी पहिलं शिक्षण.

मी हौसाबाईकडं वळले. ‘तुम्ही तरी सांगा. टेपाड गेलं तर वाडी जाईल.’

‘ताई, तुमचं खोटं न्हाई. पर तो मानूस आमच्या रानात राबला. माझ्या ओट्यावं जेवला. आता त्यानं हाक दिली तर आमी न्हाई म्हनायचं? उद्या तोंड कुठं दावू?’

‘तो कुठं राबला? मशीन राबलं. मशीन काय भाकरी खातं?’

‘मशीन न्हाई खात. डायवर खातो. म्याच वाढली.’

पत्रकात ह्याला उत्तर नसतं. बबननं मान हलवली, म्हाताऱ्यांनी हलवली, आणि टेपाड गेलं. कोणी दमदाटी केली नाही, कोणी दारू पाजली नाही. बाहेरच्यांना हे खरं वाटत नाही. शहरातला माणूस म्हणतो, ‘नक्की पैसे खाल्ले असतील.’ त्याला शब्दासाठी कोणी रान देतं हे समजतच नाही. पैसे खाल्ले असते तर निदान खिशात काही राहिलं असतं.

मी घोडेगावला अर्ज दिला. पुण्याला दिला. साहेबांनी विचारलं, ‘जमीनमालकांची हरकत आहे का?’ नाही. ‘मग तुमची का?’ अर्ज निकाली.

चैत्र-वैशाखात टेपाड कापलं. कापलेली बाजू वैशाखाच्या उन्हातही ओली. विटकरी मातीतून पाण्याच्या धारा लागल्या. मी माती चिमटीत धरली, साबणासारखी निसटली. सोपानभाऊ मात्र नाचायचा बाकी होता. ‘बघा! पानी लागलं! प्लॉटवाल्यांचा हिरीचा खर्च वाचला.’ डोंगर पोटातून गळत होता आणि ह्या माणसाला त्यात विहीर दिसत होती.

आणि मग दिव्याची अवस. मी त्या दिवशी वाडीतच होते. सगळी आळी आवणीला रानात. हौसाबाई दिवे घासायला म्हणून दुपारी घरी आली, तर दार उघडेना. तिला वाटलं, आतून कडी पडली. तिनं बबनला हाक मारली. बबननं खांदा लावला, मग हात काढून घेतला आणि दोन पावलं मागं सरला.

‘वयनी, दार न्हाई अडाकलं. भित दारावं आली हाये.’

तोवर शेजारच्या घरातून भांडी पडल्याचा आवाज. घरांवरच्या उतारावर सोपानभाऊनं काढलेल्या नव्या खाचरांतलं तुंबलेलं पाणी एकाएकी कमी होऊ लागलं. बांध फुटला नव्हता. पाणी जमिनीतच चाललं होतं, भेगेतून. मग आम्ही पळालो. पोरं, म्हशी, धान्याच्या कणग्या, हाताला लागेल ते बाहेर. डोंगर गडगडत आला नाही. तो सावकाश सरकला, खुर्चीवर बसलेला माणूस पुढं सरकतो तसा. दिवस मावळेतो खालची आळी पिळवटून बसली होती. भिंती आडव्या, आढी मोडलेली, आणि खाचरं पायरी-पायरीनं फाटलेली. टेपाडातला नवा रस्ता मातीनं भरला होता. महिन्याभरात त्यांनी तो साफ केला. रस्त्याला मदत ताबडतोब मिळते.

कोणी मेलं नाही. इथंच वाडीचं चुकलं. मेलं असतं तर मंत्री आले असते.

आला तो तलाठी. वहाणा हातात घेऊन चिखल तुडवत आला, एवढं श्रेय त्याला देते. त्यानं पंचनामा काढला.

‘कारण काय लिहू?’

‘पायथा कापला,’ मी म्हटलं.

‘तो रकाना न्हाई ताई. पाऊस, पूर, आग, वीज. ह्यातलं सांगा.’

पाऊस लिहिला. महिन्यानं तालुक्याहून उत्तर आलं की त्या दिवशी पडलेला पाऊस अतिवृष्टीच्या ठरलेल्या आकड्यात बसत नाही, सबब मदत देय नाही. म्हणजे पावसानं घरं पाडली नाहीत. ठेकेदारानं तर पाडलीच नाहीत, तसा रकानाच नाही. बबन म्हणाला, ‘मंग लिवा, घरं आमच्यावं रुसली.’

त्यानंतरची गोष्ट मला सगळ्यांत जास्त झोंबते. पावसाची उघडीप पडल्यावर हौसाबाईनं कासोटा घट्ट केला आणि एसटीनं मंचरला गेली. मी सोबत होते. सोपानभाऊच्या ऑफिसात जाऊन ती खुर्चीवर बसली नाही, उभीच राहिली.

‘भाऊ, आमी पडकई लावलीया. माती काढायची, भिती घालायच्या. तुमाला सांगाया आले.’

तिनं भरपाई मागितली नाही. दोष दिला नाही. तिच्या हिशोबानं हे दोन्हींपेक्षा मोठं होतं. ती त्याला हाक देत होती.

तो फोनवर बोलत होता. हात आडवा करून म्हणाला, ‘मावशी, आता न्हाई जमनार. सीझन हाये. मशीन बिझी.’

‘मशीन नको. तुमी या.’

त्यानं हसून पोराला चहा सांगितला. हौसाबाईनं चहा घेतला नाही. स्टँडवर येऊन बाकावर बसली. मग म्हणाली, ‘ताई, त्याला पडकई ठावंच नव्हती गं. मला वाटलं, ठावं हाये.’

त्याच्यावर मी पत्रक लिहायला घेतलं. पारसशेठांनी आता ऑफसेट घेतलं आहे, खिळ्यांची अडचण राहिलेली नाही. त्यांनी मजकूर वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘हे इथल्या लोकांना वाटून काय उपयोग? ह्यांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्याकडं पाठवा.’

म्हणून हा लेख. कारण ज्यांना ठाऊक नाही ते पत्रक घेत नाहीत, दिवाळी अंक घेतात.

आज खालची आळी त्याच सरकत्या मातीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये आहे. दर पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात, दर उन्हाळ्यात परत शेडमध्ये. साहेब म्हणतात, ‘जागा धोकादायक आहे, स्थलांतर करा.’ कुठं? वरती कडा, तो मोडका. डाव्या-उजव्या बाजूला तीच घसरलेली माती. खाली डिंभ्याचं पाणी. जागचा न हललेला, अस्सल कातळ त्या परिसरात एकच आहे. माळ. त्या माळावर प्लॉट पडले आहेत. तारेची कुंपणं, दगडी खांब, खांबांवर नावं. बहुतेक प्लॉटांवर गवत माजलं आहे. दोन-तीन बंगले बांधले आहेत, ते शनिवारी उघडतात. त्यांच्या गच्चीवरून लवणवाडीचा तुटका कडा फार छान दिसतो म्हणे. माहितीपत्रकात त्याचाच फोटो आहे.

तुम्ही हे वाचता आहात त्यातल्या काहींचा तिथं प्लॉट आहे. पुण्यातले आहात, शिकलेले आहात, अंक विकत घेता, आणि गुंतवणूक म्हणून डोंगराच्या कुशीत जागाही घेता. तुम्हाला माहीत नव्हतं, हे मी मान्य करते. आता माहीत आहे. आता तुम्ही कुंपणाच्या आत उभे राहून ‘बिचारे आदिवासी’ म्हणाल तर मला तुमच्याशी बोलायचं नाही.

मागणी एकच आहे. येत्या पावसाच्या आत जिल्हाधिकाऱ्यांना स्वतःच्या सहीनं लिहून द्या की तुमचा प्लॉट लवणवाडीच्या खालच्या आळीला घरासाठी द्यायला तुमची तयारी आहे. सही करताना बोअर घ्यावे लागतील, घरच्यांना विचारावं लागेल, असलं काही सांगू नका. देणगी नको, जुने कपडे नकोत, भेटीला येऊ नका. घरं आमची आम्ही बांधू. तुम्ही फक्त जागा सोडा.